उत्तरेचं दार

मी छपरावरून पडलो तो मंगळवार होता, आणि शुक्रवारी नऊ पाहुणे यायचे होते.

पडलो तो माझ्याच हट्टाने. आमच्या किवुली बेटावर पाहुण्यांसाठी पाच झोपड्या आहेत, माडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या. त्यातली तिसरी गळत होती. माझी बायको झुवेना खालून ओरडत होती, "अहो, शिडी हलतेय, उतरा!" मी म्हटलं, "तू तुझा भात बघ." पुढच्या क्षणी मी वाळूत पडलो होतो आणि डाव्या खांद्याचं हाड मोडलं होतं. गावातला हाड बसवणारा म्हातारा आला, त्याने माझा हात गळ्यात बांधला आणि दीड महिना काही उचलायचं नाही म्हणून बजावलं. माझी आई ओसरीवर नारळ खवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "एरवी तरी काय उचलतो?"

बुधवारी होडीचं इंजिन गेलं. आतल्या चक्राचे दात तुटले होते. नवा भाग दार-एस-सलामहून यायला आठ दिवस लागणार होते.

एरवी एवढं अडलं नसतं. दुसऱ्या कुणाची होडी घेतली असती. पण कुसीचे दिवस होते, दक्षिणेचा वारा धरून गावातले सगळे धडधाकट पुरुष होड्यांसकट लांबच्या बेटांवर मासेमारीच्या तळावर गेले होते. मागे राहिलो होतो आम्ही लंगडे-लुळे, म्हातारे, बायका आणि पोरं.

आणि पाहुणे असे तसे नव्हते. आमच्याकडे तोवर गोरे लोकच यायचे, तेही शहरातल्या एका दलालाने पाठवले तर. त्याला हल्ली थंड हवेचं यंत्र असलेल्या खोल्या हव्या होत्या, म्हणून दोन हंगाम त्याने कुणालाच पाठवलं नव्हतं. झोपड्यांमध्ये खेकडे राहायला आले होते. अशात एके दिवशी समुद्रापासून लांब, आतल्या डोडोमाहून फोन आला. माझी मुलगी रुकिया हिच्या शाळेतल्या शिक्षकांना लहानपणी ज्यांनी शिकवलं होतं, त्या मसिमाबाई बोलत होत्या.

"आम्ही नऊ जण आहोत. सगळे निवृत्त शिक्षक. कुणीही समुद्र पाहिलेला नाही. तुमच्याकडे शार्क आहेत का?"

"आहेत बाई, पण खडकांच्या रांगेबाहेर," मी म्हटलं.

"मग आम्ही आतच राहू. लिहून घ्या, नऊ जण, चार दिवस."

आपल्याच देशाची माणसं, आपली भाषा बोलणारी, पहिल्यांदा आमच्याकडे राहायला येणार होती. झुवेनाने पाचही झोपड्या खडूसारख्या पांढऱ्या करून घेतल्या. रुकियाने प्रत्येक दारावर शंखांच्या माळा लावल्या. आईने चटया विणल्या आणि प्रत्येक चटईबरोबर कुरकुर केली.

गुरुवारी दुपारी समोरच्या किनाऱ्यावरच्या किल्व्याच्या बंदरावरून सेफूचा फोन आला. सेफू तिथे प्रवाशांची ने-आण बघतो.

"हमादी, तुझी होडी बंद आहे म्हणे. काळजी करू नकोस. तुझे पाहुणे मी इथल्याच एका हॉटेलात घालतो. समुद्र इथूनही दिसतो."

"एक दिवस थांब," मी म्हटलं.

"थांबून काय होणार? तू काय पोहत येणार आहेस, एका हाताने?"

मी फोन ठेवला. झुवेना बाजूलाच होती, तिने सगळं ऐकलं होतं. हातातली परात खाली ठेवून ती म्हणाली, "सुबिरा काढू या."

सुबिरा म्हणजे तिच्या वडिलांचा मचवा. तिचे वडील मकामे तांडेल. या किनाऱ्यावर शिडाची होडी त्यांच्यासारखी कुणी चालवली नाही, हे त्यांचे वैरीही मान्य करायचे. त्यांना मुलगा नव्हता. झुवेना बारा वर्षांची असल्यापासून ते तिला बरोबर न्यायचे आणि सुकाणू तिच्या हातात द्यायचे. आमचं लग्न झालं तेव्हा ती अठराची होती. त्यानंतर पंधरा वर्षं तिने होडीच्या दोराला हात लावला नाही. आमच्या घरात बाईने होडी चालवायची नाही, असं कुणी तिला तोंडाने सांगितलं नव्हतं, सांगायची गरजच पडली नाही. खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचं होतं. माझ्यापेक्षा ती बरी चालवते हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मचवा तिच्या वडिलांच्या मागे आमच्याकडे आला, आणि मी वर्षातून दोनदा त्याला तेल लावायचो, इतकंच.

आई उठून उभी राहिली. "कोण काढणार?"

"मी," झुवेना म्हणाली.

"तू सुकाणूला बसणार? आणि किल्व्याच्या धक्क्यावर सगळे पुरुष बघत बसणार? म्हणतील, हमादीने खांदा मोडला आणि बायकोला तांडेल केलं."

"म्हणू देत की, आई. नऊ माणसं दोन दिवस बसमध्ये बसून येतायत. त्यांना काय सांगू, लोक हसतील म्हणून आलो नाही?"

"तुला शीड ओढायला माणसं लागतील. ती कुठून आणणार आहेस, आभाळातून?"

"जाताना वारा बाजूचा आहे, शीड एकदाच चढवायचं. तेवढं मी आणि रुकिया करू. येताना बघू."

"रुकिया गेली तर रांधणार कोण?"

 मी म्हटलं, "मी येतो." दोघींनी माझ्या गळ्यातल्या हाताकडे बघितलं. मग दोघी आपापल्या कामाला लागल्या.

शुक्रवारी पहाट फुटली तेव्हा झुवेना कमरेइतक्या पाण्यात उभी राहून मचव्याचा नांगर सोडत होती. मी आत बसलो होतो, नारळाच्या पोत्यासारखा. तेवढ्यात आई आली. रंगीत कापडाचा कांगा कमरेला घट्ट कसलेला, दुसरा डोक्याला, हातात मांडाझीचं, तळलेल्या गोड पावांचं गाठोडं. ती सरळ पाण्यात शिरली आणि काठ धरून मचव्यात चढली. माझी आई सत्तरीची आहे.

"तुम्ही कुठे?" झुवेनाने विचारलं.

"तुझ्यावर भरवसा नाही म्हणून येतेय. होडी बुडाली तर सांगायला कुणीतरी नको?"

"आई, होडी बुडाली तर तुम्हीही बुडाल."

"मग वर जाऊन तुझ्या बापाला सांगेन."

असं म्हणून तिने शिडाचा दोर धरला आणि दोन्ही पाय फळीला टेकवून ओढायला सुरुवात केली. चुकीचा नव्हे, नेमका हवा तोच दोर. आणि तो असा ओढत होती की शीड थांबत थांबत नाही, एका दमात वर गेलं. झुवेना बघतच राहिली. मी तोंड उघडं टाकून बसलो.

"आई, तू हे कुठे शिकलीस?"

"माझ्या बापाकडे सहा मुली होत्या," आई म्हणाली. "त्याची जाळी काय बकऱ्या ओढायच्या? तोंड मीट, पाणी जाईल."

तीन तासांत आम्ही किल्व्याला लागलो.  सुकाणूवर झुवेनाचा हात नुसता टेकलेला होता, आणि मचवा तिच्या मनातलं ऐकल्यासारखा चालत होता. मी तिच्याकडे बघत होतो. पंधरा वर्षं जिच्याबरोबर राहिलो ती हीच का, असं वाटत होतं.

धक्क्यावर अपेक्षेप्रमाणे पुरुष बसलेले होते. उसीकाका, बंदरातले सगळ्यात जुने खलाशी, उभे राहून बघू लागले. कुणीतरी ओरडलं, "हमादी, तू आज प्रवासी का?" हशा पिकला.

"हो," मी म्हटलं. "आणि तिकिटात बसायला जागा मिळालीय, तुमच्यासारखं उन्हात बसावं लागत नाही."

पाहुणे तिथेच होते, नऊ जण एका रांगेत, शाळेच्या प्रार्थनेला उभे असावेत तसे. शेजारी सेफू आणि त्याची गाडी. सेफू त्यांना सांगत होता, "आज वारा फार आहे, शिडाच्या होडीत बसणं धोक्याचं. त्यातून बाईमाणूस चालवतंय."

रांगेच्या टोकाची बुटकी, चष्मेवाली बाई पुढे आली. त्या मसिमाबाई.

"तांडेल कोण?"

"मी," झुवेना म्हणाली. वयाने मोठ्या बाईला करायचा तो नमस्कार तिने केला, "शिकामू."

"मराहबा. किती वर्षं चालवतेस?"

"सहा वर्षं रोज चालवली, बाई. मग पंधरा वर्षं चालवली नाही. आज पुन्हा चालवून आले."

सेफू हसला. मसिमाबाई हसल्या नाहीत. त्यांनी झुवेनाला चष्म्याच्या वरून बघितलं, मग चष्म्यातून बघितलं.

"चाळीस वर्षं मी मुलांच्या थापा ऐकल्या," त्या म्हणाल्या. "थाप मारायची असती तर हिने पंधरा वर्षांचं सांगितलंच नसतं. चला, सामान उचला."

आठ जण चढले. नववे चिबागो गुरुजी, उंच, वाळकुडे, गणित शिकवायचे. ते धक्क्याच्या कडेला येऊन थांबले आणि म्हणाले, "मी इथेच राहतो. मी पाणी बघितलं. खूप आहे."

त्यांची समजूत घालण्यात जवळजवळ एक तास गेला. मसिमाबाई रागावल्या, बाकीच्यांनी गाणं म्हटलं, काही उपयोग झाला नाही. झुवेना सारखी पाण्याच्या खुणेकडे बघत होती. ओहोटी लागायच्या आत बेटाचं दक्षिणेचं दार गाठायचं होतं. दार म्हणजे खडकांच्या रांगेतली फट, त्यातूनच आत यावं लागतं. शेवटी आई उठली, धक्क्यावर गेली आणि गुरुजींना म्हणाली, "मला पोहता येत नाही. मी मधोमध बसते आणि दोर सोडत नाही. तुम्ही माझ्या शेजारी बसा." ती नऊ वर्षांची असल्यापासून माशासारखी पोहते. गुरुजी आले आणि तिच्या शेजारी बसले.

निघालो तेव्हा सगळ्यांनी केशरी जीवरक्षक जाकिटं घातली होती आणि सगळे एकदम बोलत होते. वारा वाढला होता. मचवा एका अंगावर कलला, तसं बोलणं बंद झालं. मग पहिल्यांदा पाणी अंगावर उडालं, आणि भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंनी ओठ चाटून जाहीर केलं, "खारट आहे! खरंच खारट आहे!" पुस्तकात पस्तीस वर्षं शिकवलेली गोष्ट खरी निघाली म्हणून त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या. चिबागो गुरुजींना तीनदा ओकारी झाली. आईने तीनही वेळा त्यांची पाठ चोळली आणि तीनही वेळा सांगितलं, "आता रिकामं झालं, आता बरं वाटेल."

बेट दिसलं तेव्हा मी उठून दक्षिणेकडे बघितलं. दार असायला हवं तिथे पांढरी रेघ होती. लाट फुटत होती. पाणी उतरलं होतं, खडक वर आले होते.

"झुवेना," मी हळूच म्हटलं.

"दिसलं मला."

"परत फिरायचं? बाहेर थांबायचं?"

"बाहेर थांबलो तर रात्री नऊपर्यंत पाणी चढणार नाही. या लोकांना अंधारात उघड्या समुद्रावर ठेवू?" तिने उत्तरेकडे हनुवटी केली. "त्या दारात खोल पाणी असतं. ओहोटीतही."

उत्तरेचं दार मला माहीत होतं, म्हणजे लांबून माहीत होतं. ते अरुंद आहे, आणि आत शिरल्या शिरल्या काटकोनात वळतं. त्या वळणावर शीड डोलकाठीच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला न्यावं लागतं, नाहीतर वारा होडीला सरळ खडकावर नेऊन आपटतो. शिडाचा लांबलचक वासा उभा करून पुढून पलीकडे फिरवायचा, तेही वारा भरलेला असताना. त्याला चार तगडे खलाशी लागतात. मकामे तांडेल त्या दारातून यायचे. त्यांच्यानंतर कुणी शिडाने आलेलं मला आठवत नव्हतं.

"माणसं कुठायत?" मी विचारलं.

झुवेनाने समोर बघितलं. समोर नऊ निवृत्त शिक्षक बसले होते.

"बाई," ती मसिमाबाईंना म्हणाली, "मला तुमची मदत लागणार आहे. खोटं सांगत नाही, अवघड आहे. पण मी हे केलेलं आहे, माझे वडील बाजूला बसून. मी सांगेन तेव्हा सगळ्यांनी हा दोर ओढायचा, आणि मी सांगेन तेव्हा सोडायचा. मध्ये कुणी विचार करायचा नाही."

मसिमाबाईंनी चष्मा काढून पिशवीत ठेवला. "उभं राहायचं नाही, बसूनच ओढायचं ना?"

"बसूनच."

"सगळ्यांनी ऐकलं? पहिला हात पुढे, दुसरा मागे. ओढताना मी आकडे म्हणेन. चिबागो, तुम्हीसुद्धा."

चिबागो गुरुजींचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते म्हणाले, "किती अंशांचं वळण आहे?"

"नव्वद," मी म्हटलं.

"आणि वेग?"

"माहीत नाही, गुरुजी."

"मग मलाही भीती वाटायचं कारण माहीत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी दोर धरला.

आई पुढे नाळेवर, मचव्याच्या अगदी टोकाला गेली. तिचं काम सगळ्यात वाईट होतं, वाशाचं खालचं टोक सोडवून पलीकडे न्यायचं. मी तिला अडवायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "तू बस. तुझा एक हात आहे, माझे दोन आहेत."

खडक दोन्ही बाजूंनी जवळ आले. तपकिरी, धारदार, त्यांच्यावरून पाणी ओघळत होतं. लाटेने आम्हाला मागून उचललं आणि आत ढकललं. झुवेना उभी राहिली, सुकाणू मांडीला टेकवलेलं, डोळे पाण्यावर. मी खडकाला हात लावू शकलो असतो, इतका तो जवळ होता.

"ओढा!"

"एक!" मसिमाबाईंचा आवाज असा फुटला की पाच शाळांची मैदानं शांत झाली असती. "दोन! तीन! मागच्या रांगेने झोपू नये! चार!"

वासा उभा झाला. शीड मोकळं होऊन डोक्यावर फडफडू लागलं, कानठळ्या बसवणारा आवाज. आईने खालचं टोक छातीशी धरून पलीकडे नेलं, घसरली, गुडघ्यावर पडली, पण टोक सोडलं नाही. मचवा वळायला लागला.

"सोडा! आई, बांधा!"

"बांधलं!"

शीड पलीकडच्या बाजूला एकदम भरलं. मचवा थरथरला, थांबल्यासारखा झाला, आणि मग पुढे सरकला. उजवीकडचा खडक मागे गेला. डावीकडचा मागे गेला. खाली पाणी हिरवं झालं, मग फिकट हिरवं, मग तळाची वाळू दिसायला लागली, आणि समोर आमच्या पाच पांढऱ्या झोपड्या उभ्या होत्या.

 मग चिबागो गुरुजींनी, अजून दोर हातात धरून, विचारलं, "झालं?"

"झालं, गुरुजी," झुवेना म्हणाली, आणि सुकाणूशेजारी खाली बसली.

मग जो आरडाओरडा झाला तो किनाऱ्यावर ऐकू गेला. गावातल्या बायका पाण्यात धावत आल्या. त्यांनी मचवा उत्तरेच्या दारातून येताना बघितला होता आणि कुणाचाच डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. एकीने आनंदाचा, उलूलूचा आवाज काढला, मग दुसरीने, मग सगळ्यांनी. मसिमाबाई पाण्यात उतरल्या, गुडघ्याइतक्या पाण्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे सगळ्यांची मोजणी. नऊ. मग त्यांनी झुवेनाचा हात धरून वर केला, पहिल्या आलेल्या मुलीचा करतात तसा.

झुवेना माझ्यासमोर आली. ओली चिंब, तळहात दोराने सोललेले. मी काहीतरी चांगलं बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "मी तुला पंधरा वर्षं घरात बसवून ठेवलं."

"हो," ती म्हणाली. "आता भात बघायला तुम्ही जा."

आणि गेलो. रुकियाने नारळाच्या दुधातला भात आणि ऑक्टोपसचं कालवण केलं होतं. मी एका हाताने वाढलं. आमच्याकडे उगाली, डोडोमाकडचा मक्याच्या पिठाचा रोजचा गोळा, कमी होते, पण पाहुण्यांसाठी रुकियाने तीही रांधली होती. ती बघून भूगोलाच्या बाई रडल्या. जेवताना प्रत्येकाने वळणाची गोष्ट सांगितली, आणि प्रत्येकाच्या गोष्टीत सगळ्यात जोरात त्यानेच ओढलं होतं. आई ठेचाळलेल्या गुडघ्याला खोबरेल लावत ऐकत होती. गुरुजींनी खडक तीस हातांवर होता म्हणून सांगितल्यावर ती म्हणाली, "तीन. मी मोजले, नाकाने."

चार दिवस ते पाण्यातून बाहेर आले नाहीत. शेवटच्या दिवशी, वेळेवर, भरती साधून, झुवेनाने त्यांना किल्व्याला सोडलं. धक्क्यावर नेहमीचीच माणसं बसली होती. बातमी आमच्या आधी पोचली होती. झुवेनाने दोर फेकला, तेव्हा तो झेलायला उसीकाका स्वतः पुढे झाले. त्यांनी तो खुंटाला बांधला आणि विचारलं, "वळणावर सुकाणू आधी फिरवलंस की शीड आधी सोडलंस?"

"शीड आधी, काका. सुकाणू अर्धा श्वास नंतर."

"बरोबर," उसीकाका म्हणाले, आणि मागे वळून बाकीच्यांना म्हणाले, "ऐकलंत?"

मसिमाबाईंनी जाताना पुढच्या वर्षाच्या तारखा लिहून दिल्या. तेव्हा चौदा जण. शिवाय त्यांच्या गावातल्या दवाखान्यातल्या परिचारिका, वेगळा गट. सेफू गाडीजवळ उभा होता. त्याने झुवेनाला विचारलं, बंदरावरून अधूनमधून प्रवासी पाठवले तर ती घेईल का. झुवेना म्हणाली, विचार करून सांगते. अजून विचार करतेय.

परत निघालो तेव्हा मचवा रिकामा होता, आम्ही तिघंच. वारा हलका होता, ऊन पाण्यावर पसरलं होतं. खडकांच्या बाहेर बरंच अंतर असताना आई उठून मागे आली आणि झुवेनाच्या समोर उभी राहिली.

"सरक," ती म्हणाली.

"काय झालं, आई?"

"माझ्या बापाने सहा मुलींना जाळी ओढायला लावलं. सुकाणू कुणालाच दिलं नाही. सरक."

झुवेना सरकली. आईने सुकाणू धरलं. मचवा आधी डावीकडे भरकटला, मग उजवीकडे, शिडाने एकदा जांभई दिली. झुवेनाने हात पुढे केला नाही. आई स्वतःशीच शिव्या देत होती, वाऱ्याला, सुकाणूला, तिच्या बापाला. हळूहळू मचव्याची नाळ बेटाच्या दिशेला लागली आणि तिथेच राहिली. आईने मान ताठ केली, डोक्यावरचा कांगा वाऱ्यावर सोडला, आणि एक जुनं, मला ठाऊक नसलेलं गाणं मोठ्याने म्हणायला लागली.